टेनिसचे मूलभूत फटके : शाळेच्या मैदानावर घेता येणारा सराव



मुलांना टेनिसला घालणारे पालक मला बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, पोरगं रोज तास-दीड तास खेळायला जातं. तिथं बघायला गेलं तर फटके झकास बसतात. मग मॅच लागली की सगळे चेंडू जाळीत नाहीतर बाहेर का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टेनिसच्या मैदानापेक्षा आपल्या गणिताच्या वहीत लवकर सापडतं.

दुसरीच्या वर्गाला हातच्याच्या बेरजेची वीस उदाहरणं सलग द्या. पाचव्या उदाहरणानंतर मुलं चिन्हाकडे बघतच नाहीत. वीसपैकी वीस बरोबर येतात, आपण खूश. दुसऱ्या दिवशी त्याच बेरजांमध्ये चार वजाबाक्या घाला. निम्मा वर्ग वजाबाकीचीही बेरीज करून मोकळा! मुलाला बेरीज येत नव्हती असं नाही. इथे बेरीज करायची की वजाबाकी, हे ओळखायचा सराव त्याला झालेलाच नव्हता.

टेनिसचंही तंतोतंत असंच आहे. प्रशिक्षक बादलीतून एकेक चेंडू काढून मुलाच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, एकाच वेगाने टाकतात. मूल पन्नास फोरहँड मारतं, चाळीस आत पडतात. सामन्यात मात्र समोरचं पोरगं काही बादलीवाला नसतं. चेंडू कधी डावीकडे येतो, कधी पायाशी, कधी डोक्यावरून जातो. फटका हाताशी तयार आहे, पण चेंडू ओळखण्यातच वेळ जातो आणि पाय पोहोचत नाहीत. म्हणून या लेखात प्रत्येक फटक्याचे व्यायाम देताना मी एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवलं आहे, ती म्हणजे या व्यायामात मुलाला काही ओळखावं लागतं का.

हे सगळं पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. यासाठी टेनिस कोर्ट लागत नाही. आमच्यासारख्या शाळेत ते असणारही नाही.

आधी चेंडू बदला

गंमत बघा, महाराष्ट्रात असं गाव सापडणार नाही जिथे टेनिसचा चेंडू माहीत नाही. किराणा दुकानाच्या काउंटरवर बरणीत ठेवलेला असतो. फक्त त्याने सगळे क्रिकेट खेळतात! मुलांना चेंडूची भीती नाही, टप्प्याचा अंदाज आहे. म्हणजे आपली सुरुवात शून्यापासून नाही.

अडचण वेगळीच आहे. नियमाप्रमाणे मोठ्यांचा पिवळा चेंडू २५४ सेंटीमीटर उंचीवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा. मोठ्या माणसाने मारलेला असा चेंडू टप्पा पडून तिसरीतल्या मुलाच्या खांद्याच्या वर जातो. मूल मागे मागे सरकतं, रॅकेट डोक्याजवळ नेऊन कसंबसं ढकलतं. मनगट वाकडं, कोपर वर. हीच सवय हाडात बसते आणि मग आपणच म्हणतो, "हिला जमत नाही हो."

चौथीतल्या एका किरकोळ अंगाच्या मुलीबद्दल हेच शब्द मी एका शिबिरात ऐकले होते. तिच्या हातात मोठ्यांची २७ इंची रॅकेट होती. त्याच मुलीला हवा गेलेला जुना चेंडू आणि हलकी फळी दिल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात भिंतीवर सलग अकरा फटके मारले. मूल तेच, साहित्य वेगळं. शिक्का बसण्यापूर्वी चेंडू बदलून बघायला काय हरकत आहे?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने हे केव्हाच मान्य केलं आहे. लहान मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीन टप्प्यांचे मंद चेंडू आहेत. त्याच २५४ सेंटीमीटरवरून लाल चेंडू फक्त ९० ते १०५ सेंटीमीटर उसळतो. २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांमध्ये मोठ्यांचा पिवळा चेंडू वापरायला नियमानेच परवानगी नाही. लाल चेंडूचं मैदानही छोटं, साधारण ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद, जाळीची उंची ८० सेंटीमीटर. मोठ्यांचं एकेरीचं मैदान २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असतं. त्या अर्ध्याहून मोठ्या फरकाचा विचार करा.

लाल चेंडू मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर क्रिकेट खेळून खेळून लव गेलेले, हवा कमी झालेले चेंडू गोळा करा. कोणता चेंडू चालेल हे बघायला मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून तो सिमेंटच्या जमिनीवर सोडा. उसळून मांडीपर्यंत आला तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो योग्य. कमरेला पोहोचला तर बाजूला ठेवा, पुढे कामाला येईल. ही निवड मुलांनाच करायला सांगा. मोजपट्टी घेऊन गटागटाने उसळी मोजतात, तक्ता करतात. मोजमापाचा पाठही होऊन जातो!

रॅकेटचं म्हणाल तर गावातल्या सुतारकाकांकडून प्लायवूडच्या छोट्या फळ्या कापून घ्या आणि मुठीला जुनं सुती कापड गुंडाळा. फळीवर चेंडू हाताजवळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला तारांच्या रॅकेटपेक्षा ती सोपी जाते. पालक विकत घेणार असतील तर दुकानात मुलाला सरळ उभं करा, हात खाली सोडून रॅकेट धरायला सांगा. रॅकेटचं टोक जमिनीवर घासत असेल तर ती मोठी आहे. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून बूट मोठे घेतो तशी रॅकेट घेऊ नका.

जाळीसाठी खोखोचे खांब आहेतच. दोन्ही खांबांना ८० सेंटीमीटरवर सुतळी ओढून बांधा आणि मध्ये झोल पडतो तिथे बाक किंवा बांबूचा टेकू द्या. सुतळीवर जुन्या ओढण्या टाका. फक्कीने आखलं की एका दोरीवर शेजारी शेजारी तीन-चार छोटी मैदानं तयार होतात.

रांग मोडा

आपल्या खेळाच्या तासिकेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रांग. साधा हिशोब करू. वर्गात ३० मुलं. जाणं-येणं सोडून २५ मिनिटं हाताशी. शिक्षक दर पाच सेकंदाला एक चेंडू टाकतात. म्हणजे ३०० चेंडू, प्रत्येकाच्या वाट्याला १०. उरलेला सगळा वेळ रांगेत ढकलाढकली आणि "सर, हा बघा ना!" रांगेत मागे कोण असतं तेही बघा. बहुतेक वेळा लाजरी मुलं आणि मुली.

आता जोड्या करा. १५ जोड्या, एक मूल हाताने चेंडू टाकतं, दुसरं फळीने मारतं, दहा चेंडूंनंतर बदल. चेंडू शोधण्यात निम्मा वेळ गेला तरी प्रत्येकाला पाऊणशे चेंडू मारायला मिळतात. चेंडू टाकणारं मूलही रिकामं नसतं, कारण मापात चेंडू टाकणं हे कौशल्यच आहे. सर्व्हिसच्या वेळी ते उपयोगी पडतं.

ठप आणि टक

कोणताही फटका शिकवण्याआधी हा खेळ घ्या. चेंडू जमिनीवर पडला की मुलाने मोठ्याने म्हणायचं "ठप", फळीला लागला की "टक". बस, एवढंच. टिमोथी गॉलवे या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७४ सालच्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात या धर्तीचा व्यायाम सांगितला आहे. करायला गेलं की कळतं, मुलं "ठप" उशिरा म्हणतात. म्हणजे नजर चेंडूवर नसतेच, ती समोरच्या मैदानावर किंवा आपल्या बाईंच्या चेहऱ्यावर असते! आवाज आणि टप्पा जुळायला लागले की फटका आपोआप वेळेवर येतो. "चेंडूकडे बघ, चेंडूकडे बघ" असं शंभरदा ओरडण्यापेक्षा हे बरं. बघितलं की नाही हे आपल्याला कानांनी कळतं.

याच खेळात पाय घाला. समोरचा चेंडू सोडतो त्या क्षणी मुलाने जागच्या जागी छोटीशी उडी घ्यायची आणि दोन्ही पायांवर गुडघे किंचित वाकवून उतरायचं. कबड्डीत चढाई करणारा अंगावर आला की बचावाची साखळी कशी तयारीत असते, तसं. या उडीमुळे पुढचं पाऊल कुठल्याही बाजूला टाकता येतं. मग फळी न घेता, एका टप्प्यानंतर चेंडू दोन्ही हातांनी कमरेसमोर झेलायचा. पळत जाऊन झेलायचा, पण झेलताना स्थिर उभं असायला हवं. आठवडाभर एवढंच केलं तरी चालेल. हे आठ दिवस वाया गेले असं पालकांना वाटतं, त्यांना वाटू द्या.

फोरहँड

रॅकेटशी शेकहँड करा, हीच पकड. रॅकेट उभी धरून तिच्या मुठीशी हात मिळवायचा. या पकडीत रॅकेटचं तोंड जिकडे, आपला तळहात तिकडे. म्हणून सुरुवात फळीशिवाय करा. मऊ चेंडू तळहाताने दोरीपलीकडे मारायचा. मुलाला लगेच कळतं की तळहात आभाळाकडे गेला तर चेंडू आभाळात, जमिनीकडे झुकला तर चेंडू पायाशी.

दुसरा व्यायाम अंग वळवण्याचा. फुटबॉल किंवा व्हॉलीबॉल दोन्ही हातांनी धरून मुलाने जाळीकडे खांदा करून आडवं उभं राहायचं आणि कमरेपासून वळून, खालून वर, तो जोडीदाराकडे फेकायचा. फोरहँडची ताकद हातात नाही, या वळण्यात आहे. ज्या मुलांचा फक्त हात फिरतो त्यांचं कोपर पुढे दुखायला लागतं.

मग फळी घ्या. मूल स्वतःच पुढच्या पायाच्या पुढे चेंडू सोडतं, ठप, आणि खालून वर नेत मारतं, टक. फटका झाल्यावर फळी दुसऱ्या खांद्याजवळ येऊन थांबली पाहिजे. स्वतः सोडलेले दहा चेंडू, मग जोडीदाराने टाकलेले दहा. जोडीदाराने प्रत्येक चेंडू थोडा पुढे, मागे, लांब टाकायचा. मारायच्या आधी पाय हलले नाहीत तर तो चेंडू मोजायचा नाही.

नवीन मुलांचे निम्म्याहून जास्त चेंडू जाळीत जातात, कारण ती जाळीकडे बघून मारतात. त्यावर एक सोपा उपाय आहे. पहिल्या दोरीच्या वर साधारण एक मीटरवर, उंच बांबू लावून, दुसरी दोरी बांधा. चेंडू दोन दोऱ्यांमधून गेला पाहिजे. "जाळीच्या वरून मार" या सूचनेपेक्षा ही खिडकी जास्त शिकवते. मूल तिच्यातून मारायला जातं आणि फळी आपोआप खालून वर येते.

चुकलेला चेंडू हा आपल्या वहीतल्या चुकलेल्या उदाहरणासारखा असतो, तो बघितला की कारण सापडतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँड सारखा उजवीकडे जात असेल तर तो उशिरा मारतोय. डावीकडे जात असेल तर घाई करतोय. उंच जाऊन बाहेर पडत असेल तर फळीचं तोंड आभाळाकडे आहे. जाळीत जात असेल तर तोंड खाली आहे, नाहीतर फळी वरून खाली येतेय. मुलाला सरळ कारण सांगू नका. "तुझे पाचपैकी चार कुठे गेले?" एवढंच विचारा. तिसरी-चौथीची मुलं दोन-तीन दिवसांत स्वतःच शोधून काढतात. आणि एका वेळी एकच सूचना. पाय, कोपर, नजर, मनगट सगळं एका दमात सांगितलं की मूल थिजतं.

डावखुऱ्या मुलांना डाव्याच हाताने खेळू द्या, त्यांचं डावं-उजवं फक्त उलट करून घ्या.

बॅकहँड

दोन्ही हातांनी. लहान मुलांसाठी यावर वाद घालायला नको. अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्ट हिने दोन हातांचा बॅकहँड धरला तो लहानपणी एका हाताने रॅकेट पेलत नव्हती म्हणून. तिचे वडील स्वतः टेनिस प्रशिक्षक होते. मोठी झाली की एका हातावर येईल असं त्यांना वाटत होतं. ती कधीच आली नाही आणि एकेरीची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदं त्याच फटक्यावर खेळली. दुबळेपणाची सोय म्हणून धरलेली पकड पुढे साऱ्या जगाने उचलली.

उजव्या हाताच्या मुलासाठी दोन हाती बॅकहँड म्हणजे खरं तर डाव्या हाताचा फोरहँड आहे, उजवा हात फक्त सोबतीला. म्हणून आधी दोन दिवस फक्त डाव्या हाताने, फळी थोडी वर धरून, हळू चेंडू मारू द्या. मुलं हसतात, चेंडू भलतीकडे जातात, पण डावा हात जागा होतो. मग उजवा हात खाली जोडा. खांदा जाळीकडे इतका वळवायचा की समोरच्याला मुलाच्या पाठीचा थोडा भाग दिसावा. बाकी खिडकीचा खेळ, पायांचा नियम सगळं फोरहँडसारखंच.

व्हॉली

टप्पा पडू न देता जाळीजवळ मारायचा फटका. यात एकच गोष्ट चुकते, मूल फळी मागे नेऊन झोडपायला जातं. त्याला भिंतीला पाठ लावून उभं करा आणि दोन-तीन मीटरवरून हळू चेंडू टाका. मागे भिंत असल्यावर फळी नेणार कुठे? आपसूक चेंडू पुढे अडवला जातो. त्याआधी पाच-सहा चेंडू नुसत्या हाताने, डोळ्यांसमोर झेलून घ्या. पकड मात्र इथे बदलते, खिळा ठोकताना हातोडी धरतो तशी.

सर्व्हिस

टेनिसमधला हा एकच फटका असा आहे जिथे चेंडू समोरच्याकडून येत नाही. चेंडू आपला, वेळ आपली. तरीही मुलं सगळ्यात जास्त इथेच रडकुंडीला येतात. कारण यात दोन हात दोन वेगळी कामं करतात.

सर्व्हिसचं मूळ फेकण्यात आहे. जे मूल खांद्यावरून लांब चेंडू फेकू शकतं त्याची अर्धी सर्व्हिस झाली. इथे मुलींकडे मुद्दाम लक्ष द्या. आपल्याकडे मुलगे आंबे पाडताना, क्रिकेटमध्ये, तळ्यात दगड मारताना सतत फेकत असतात. मुलींना ते फारसं करू दिलं जात नाही आणि मग त्या खांद्यावरून न फेकता कोपरातून ढकलतात. यात उपजत काही नाही, सराव मिळालेला नाही एवढंच. महिनाभर रोज वीस फेकी, दोरीपलीकडच्या फक्कीच्या चौकोनात. उभं राहायचं ते बाजू जाळीकडे करून, फेकताना अंग वळवून. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. तिचा फोटो वर्गात लावायचाच असेल तर आधी मुलींच्या हातात चेंडू द्या.

फेकीबरोबरच डाव्या हाताचं काम वेगळं घ्या. चेंडू बोटांच्या टोकांवर हलका धरायचा, मुठीत आवळायचा नाही. हात सरळ ठेवून खांद्यातून वर नेत चेंडू सोडायचा. तो गिरक्या न घेता वर गेला पाहिजे. मुलाच्या पुढच्या पायाच्या पुढे, किंचित उजवीकडे, फक्कीने ताटाएवढं वर्तुळ काढा. उडवलेला चेंडू न मारता खाली पडू द्यायचा, तो वर्तुळात पडतो का बघायचं. उंची किती, तर फळी वर करून हात ताणला की टोक जिथे पोहोचतं त्याच्या थोडं वर. फार उंच उडवणारी मुलं चेंडू येईपर्यंत वाट बघत बसतात आणि लय तुटते.

मग फळी पाठीमागे, पाठ खाजवताना धरतो तशी ठेवून सुरुवात करा. दोरीपासून दोन मीटरवर उभं राहून. पाचपैकी तीन आत गेले की एक पाऊल मागे, तीन चुकले की एक पाऊल पुढे. प्रत्येक मुलाची जागा वेगळी असणार. इथे "सगळे एका रेषेत उभे राहा" हा आपला शाळेचा हट्ट सोडावा लागतो.

भिंत

सोबतीला कुणी नसलं तरी भिंत असतेच. स्वीडनचा ब्योर्न बोर्ग लहानपणी घराच्या गॅरेजच्या दारावर चेंडू मारत बसायचा, पुढे त्याने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षं विम्बल्डन जिंकलं. आपल्या शाळेतल्या बोलक्या भिंतींवर मारायला मुख्याध्यापक परवानगी देणार नाहीत आणि बरोबरच आहे. कुंपणाची भिंत बघा. ८० सेंटीमीटरवर खडूची रेषा, वर चार चौकोन, त्यात अ, आ, इ, ई. सुरुवातीला दोन टप्पे चालतील. मूल भिंतीपासून तीन-चार मीटरवर. जोडीदार चेंडू भिंतीकडे जाताना अक्षर ओरडतो आणि पुढचा फटका त्या चौकोनात जायला हवा. साधं "सलग किती" मोजणंही चालतं, पण अक्षर ओरडलं की ओळखण्याचं काम आलं.

आता सगळं मिसळा

सुरुवातीच्या गणिताकडे येते. फटका नवीन असताना एकच एक मारू द्यावाच लागतो. चिन्ह ओळखण्याआधी बेरीज तरी यायला हवी! पण दहापैकी सहा-सात चेंडू आत पडायला लागले की त्याच दिवसापासून मिसळा. एक फोरहँड, दोन बॅकहँड, मध्येच व्हॉली, क्रम न सांगता.

मिसळल्यावर काय होईल तेही सांगून ठेवते. फटके बिघडतील. काल आठ आत पडत होते, आज चार. पालक म्हणतील, पोरगं मागे गेलं. १९८६ साली गुड आणि मॅगिल या संशोधकांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवताना हे तपासलं होतं. एका गटाने एकेक सर्व्हिस सलग घोटली, एकाने ठरलेल्या क्रमाने आलटून पालटून, तर एकाने क्रम न ठरवता मिसळून सराव केला. नंतरच्या चाचणीत, आणि सरावात नसलेल्या बाजूने सर्व्हिस करायला सांगितल्यावरही, मिसळून शिकलेला गट सरस ठरला. म्हणजे सरावातल्या गुणांवरून शिकणं मोजता येत नाही, ते काही दिवसांनी कळतं. आपण घटक चाचणी आणि सत्र परीक्षेच्या निकालात हेच बघतो ना?

म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा. पहिल्यात सलग दहा फोरहँडपैकी किती आत. दुसऱ्यात दहा मिश्र चेंडूंपैकी किती आत, आणि ही दुसरी चाचणी सोमवारी, रविवारच्या सुट्टीनंतर, सराव न करता घ्यायची. पहिला रकाना पालकांना आवडतो. तुम्ही दुसरा बघा. पहिला ९ आणि दुसरा ३ असेल तर त्या मुलाला आणखी बादलीभर चेंडू टाकून काही होणार नाही. त्याला छोट्या मैदानावर दुसऱ्या मुलासमोर उभं करा आणि गुण मोजून खेळू द्या.

पालकांसाठी थोडं

घरी दहा-पंधरा मिनिटं पुरे. तुम्ही फक्त चेंडू टाका, पण प्रत्येक वेळी थोडा वेगळा. सूचना देऊ नका, त्या द्यायला आम्ही आहोत. खांदा किंवा कोपर दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी थांबायचं, "एवढे दहा मार आणि जा" नाही. आणि खेळाच्या सवलतीच्या गुणांचा हिशोब तिसरीतल्या मुलासमोर मांडू नका. त्याला दहावी अजून सात वर्षं लांब आहे.

प्रशिक्षण केंद्र निवडताना फीपेक्षा एक गोष्ट बघा. कोपऱ्यात उभं राहून घड्याळ लावा आणि तुमच्या मुलाएवढं एखादं मूल दहा मिनिटांत किती चेंडू मारतं ते मोजा. मग त्यातले किती चेंडू त्याला पळून जाऊन मारावे लागले तेही मोजा. हे दोन आकडे बोर्डावरच्या माहितीपेक्षा जास्त सांगतात.

आता जूनपासून मैदानात चिखल असतो. तेव्हा व्हरांड्यात फुगे घ्या. फुगा हळू येतो, त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलांना अंग वळवून, पाय लावून मारायला भरपूर वेळ मिळतो. मोठ्या मुलांसाठी जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू करा. त्याला टप्पा नसतो, पण व्हॉली आणि फेकीचा सराव उत्तम होतो. वर्गाच्या काचाही शाबूत राहतात. मोजे मात्र धुऊन आणायला सांगा.